हिन्शॉंचं एकमत

लॉईड हिन्शॉच्या पदरात त्या रविवारी काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढे त्याचा चेहरा पडेल तेव्हा तो किती उंचीवरून पडला ते कळेल.

पहिलं म्हणजे घर. आयोवातलं, पांढऱ्या फळ्यांचं, दोन व्हरांड्यांचं. याच घरात तो जन्मला होता आणि अठराव्या वर्षी याच घरातून असा सुटला होता की त्यानंतर फक्त थँक्सगिव्हिंगची टर्की खाण्यापुरता परत येई. दुसरं, पद: ‘हिन्शॉ स्मृती-शेता’चा संचालक. तिसरं, श्रोते. शाळांच्या पिवळ्या बसमधून उतरणारी मुलं, ज्यांना बस परत येईपर्यंत पळून जाता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनात कॅरीजवळच्या एका औषध कंपनीत लॉईडनं उमर घालवली, पण त्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस त्याला तिथे भेटला नाही. बायको होती, तीही एके दिवशी वाक्याच्या मध्यावर उठली आणि परत आली नाही.

हे सगळं मिळायला अडचण एकच होती. त्या घरात माणसं राहत होती. धाकटा भाऊ एल्विन, त्याची बायको वसुधा आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई, रूथ. घरामागच्या शेतात मका आणि सोयाबीन उभं होतं, आणि पिकाला संग्रहालय करून चालत नाही.

पण लॉईडकडे जेसी होता.

जेसी हिन्शॉ हा या कुळाचा मूळपुरुष. क्वेकर पंथाचा शेतकरी. अठराशे छत्तीसमध्ये त्यानं नॉर्थ कॅरोलायनातलं शेत सोडलं, कारण गुलाम राबवणाऱ्यांच्या शेजारी राहणं त्याच्या सद्सद्विवेकाला सोसेना. बैलगाडीत बायको, पोरं, बियाणं आणि अक्रोडाच्या लाकडाची एक पेटी घालून तो डोंगर ओलांडून, नद्या उतरून इथे आला, जिथे तेव्हा माणसापेक्षा उंच गवत होतं. हिन्शॉ मंडळी जेसीबद्दल असं बोलत की वाटावं, तो कालच पोचला आणि गाडी अजून अंगणात उभी आहे. याच जेसीचा पणतू-खापरपणतू उलटा प्रवास करून, जिथून तो निघाला त्याच मुलखात एअरकंडिशनखाली जाऊन बसला होता, ही गोष्ट मात्र स्थलांतर म्हणून कुणी धरत नसे.

लॉईडचं म्हणणं साधं होतं. आपण हिन्शॉ जमिनीला चिकटून बसणारे नव्हेत. आपले पूर्वज विवेकाची हाक आली की उठून गेले. तेव्हा एल्विन आणि वसुधानंही आता उठावं, घर आणि शेत जेसीच्या नावानं एका विश्वस्त संस्थेला द्यावं आणि नव्या जागी नवं आयुष्य सुरू करावं. कॅरीतला आपला फ्लॅट तो त्यांना द्यायला तयार होता. कंपनीच्या आवारातली हिरवळ कापायला माणूस लागतो, तिथे एल्विनसाठी त्यानं शब्दही टाकला होता. आई अर्थातच एल्विनबरोबर जाईल. वसुधाचं काय, यावर त्यानं पत्रात एकच ओळ लिहिली होती: तिकडे भारतीय बरेच आहेत.

मधली बहीण मिरियम मिनेसोटात ईडन प्रेरीला एका मोठ्या कंपनीत माणसं नेमायचं आणि काढायचं काम करी. तिला दोन गोष्टी हव्या होत्या: अक्रोडाची पेटी, आणि आई आपल्याकडे येणार नाही याची खात्री. ती दर रविवारी आईला न चुकता फोन करी, तोही सकाळी दहाला, जेव्हा आई प्रार्थनासभेत असे. लॉईडच्या योजनेत तिच्या दोन्ही गोष्टी बसत होत्या, त्यामुळे तिला ती फार उदात्त वाटली.

आणि वसुधाला काय हवं होतं? तिला ती माती हवी होती. नागपूरच्या पोस्टमास्तरची ही मुलगी मृदाशास्त्र शिकायला एम्सच्या विद्यापीठात आली, तिथे तिला एल्विन भेटला. त्याच्यासारखा शांत पुरुष तिनं नागपुरात पाहिला नव्हता, म्हणून तिनं लग्न केलं. आली तेव्हा या शेताचा उतार दर पावसात ओढ्यात वाहून जात होता. तिनं उताराला आडव्या गवताच्या पट्ट्या सोडल्या, नांगरट कमी केली, शेजाऱ्यांचं हसू सोसलं. आता त्या उतारावर मूठभर माती उचलली तर ती हातात भाकरीच्या पिठासारखी धरून राही. कुठल्या तुकड्यात काय पेरायचं ते ती ठरवी. एल्विन ट्रॅक्टर चालवी. तो काही बोलत नसे. त्याचंही या जमिनीवर असंच मुकं प्रेम आहे, असं तिनं धरून ठेवलं होतं. नवऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ बायकोनं लावायचा असतो, आणि तो तिच्या सोयीचाच निघतो.

---

शनिवारी दीडशे वर्षांचा सोहळा झाला. गावच्या मैदानावर ‘जेसीचं प्रस्थान’ हे नाटक झालं. लिहिलं लॉईडनं, निवेदन लॉईडचं, आणि मध्ये मध्ये जेसी बोलत होता तेही लॉईडच, कारण जेसी झालेल्या एल्विनला वाक्यं पाठ होत नाहीत असा लॉईडचा अंदाज होता. एल्विननं फक्त गाडी हाकायची होती. बैल मिळाले नाहीत म्हणून दोन घोडे जोडले होते.

एका प्रवेशात जेसीची म्हातारी आई दारात उभी राहून रुमाल हलवते. त्यासाठी रूथला खुर्चीत बसवून हातात रुमाल दिला होता. तिनं तो घडी करून खिशात ठेवला. निवेदक लॉईडनं दोनदा सांगितलं, ‘आणि माउलीनं रुमाल हलवला.’ माउली ढिम्म. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तिनं हलवला नव्हता. ती आत निघून गेली.” लोकांना वाटलं, वयामुळे.

याहून मोठी गंमत शेवटी झाली. मैदानाच्या टोकाला ‘आयोवा’ लिहिलेली पाटी होती, तिथे गाडी थांबायची, बायकापोरांनी उतरायचं आणि गुडघे टेकायचे. एल्विन पाटीपाशी थांबलाच नाही. गाडी मैदानाबाहेर पडली, रस्त्याला लागली आणि मक्यामागे दिसेनाशी झाली. गाडीत बसलेल्या चुलत चुलत बहिणी किंचाळत होत्या. लॉईड माइक हातात धरून, “आणि विवेकाच्या हाकेनं तो पुढे, आणखी पुढे,” असं म्हणत वेळ मारून नेत राहिला. कुणीतरी पिकअप घेऊन गेलं तेव्हा एल्विन चांगला मैलभर पुढे सापडला. विचारल्यावर म्हणाला, घोडे ऐकेनात.

वसुधा हसली. त्या दोन म्हाताऱ्या घोड्यांना पेंड दाखवली तरी ते धावत नसत, हे तिला ठाऊक होतं. पण तिनं तो विचार पुढे नेला नाही.

---

रविवारी लॉईडच्या योजनेवर घरची बैठक होती. सकाळी वसुधा पोहे करत होती. बाळकाका कांदा चिरत होते. हे तिचे सख्खे काका, एडिसनला राहणारे, वीज कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. सोहळ्याचं निमंत्रण होतं म्हणून आले आणि येताना ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून जाडे पोहे, हिंग आणि कुकरची रिंग घेऊन आले. आयोवात कुकरची रिंग मिळत नाही, आणि रिंगवाचून कुकर म्हणजे नुसतं पातेलं.

“वसू,” काका म्हणाले, “हे लोक मतदान कसं करतात? हात वर करून?”

“मतदान नाही करत काका. गप्प बसतात.”

“आणि मग?”

“मग जो मीटिंग चालवतो, आमच्याकडे लॉईड, तो सगळ्यांचा कल काय दिसतो त्याचं टिपण लिहून वाचून दाखवतो. कुणी काही बोललं नाही की ते ठरलं. एकमत झालं म्हणतात.”

“आणि कुणी बोललं तर?”

“थांबतं. एकानं जरी म्हटलं की मला हे मान्य नाही, तरी पुढे जात नाही.”

काकांनी सुरी खाली ठेवली. “एकानं? आमच्या मंडळात ही पद्धत असती तर पाच वर्षांत गणपती बसला नसता यार. आणि त्या एकात सुना धरतात?”

धरत होते. सासऱ्यांचा नियमच होता: या टेबलावर जो जेवतो, तो बैठकीला बसतो आणि त्याचा शब्द सगळ्यांइतकाच.

“मग एवढ्या वर्षांत तू किती वेळा बोललीस?”

वसुधानं फोडणीत मोहरी टाकली आणि ती तडतडून संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, आईनं निघताना सांगितलं होतं, सासरच्या मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नकोस.

“अगं, वहिनीनं ते नागपूरच्या सासरासाठी सांगितलं होतं. तिथे सून गप्प बसली की ती रागावली आहे हे मोलकरणीलासुद्धा कळतं. इथे गप्प बसलीस म्हणजे सही केलीस.”

खोटं नव्हतं. तिच्या अभ्यासाची उन्हाची खोली गेली आणि तिथे रूथचा पलंग आला, तेव्हा एकमत झालं होतं. दर उन्हाळ्यात साठ हिन्शॉंचा स्वयंपाक याच घरी व्हावा, यावरही एकमत होतं. तिच्या मुलीचं, नंदाचं, मधलं नाव डेल्फाइना ठेवावं, यावर तर लॉईडनं मुद्दाम लिहिलं होतं की सगळ्यांत गाढ शांतता वसुधाची होती. नंदा गेल्याच आठवड्यात एम्सला कॉलेजात गेली होती. प्रवेशाच्या अर्जावर मधलं नाव लिहिताना तिनं ‘डी’ एवढंच लिहिलं.

“मग आज सांग नाही म्हणून,” काका म्हणाले. “एक शब्द. खेळ खलास.”

“नाही म्हटलं तर लॉईड पुढच्या वर्षी परत आणेल. हे लोक थांबण्यात पक्के असतात काका. वाट खुली होईपर्यंत थांबू म्हणतात, आणि वाट खुली होते म्हणजे समोरचा थकतो. मी हो म्हणणार आहे.”

काकांनी चष्मा वर केला. तिनं बेत सांगितला. जेसी गेला तेव्हा त्यानं म्हातारी आई बरोबर नेली नव्हती. बहिणीकडे सोडली होती, डेल्फाइनाकडे. नाटकात हे रुमालाखाली झाकलेलं असतं. तर आपण म्हणायचं, आम्ही जेसीसारखेच जातो. आई आणि घर, जो राहतो त्याच्याकडे. लॉईडला घर पाहिजे ना, मग घरातल्या माणसासकट घे. रूथसाठी रात्री तीनदा उठावं लागतं, ती दलियात मीठ जास्त झालं की थाळी परत पाठवते. लॉईड स्वतःच स्वतःचं टिपण फाडेल, आणि ते एकदा त्यानं फाडलं की पुन्हा आणायला त्याला तोंड राहणार नाही.

“एल्विनला सांगितलंस?”

“त्याला काय सांगायचं? त्याला हे शेत सोडायचंच नाहीये.”

“असं तो म्हणाला?”

“तो कुठे काय म्हणतो,” वसुधा म्हणाली आणि पोह्यांवर झाकण ठेवलं.

काका गप्प झाले. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ नागपुरी होता, पण तेवढा लक्षात घ्यायला तिला सवड नव्हती.

---

बैठक जेवणाच्या मोठ्या खोलीत भरली. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. काका दारापाशी पाहुणे म्हणून बसले. पहिली पंधरावीस मिनिटं शांततेची. क्वेकर मंडळींचा समज असा की माणूस पुरेसा वेळ गप्प बसला तर परमेश्वर बोलतो. मिरियमचे डोळे मिटलेले होते, पण मान पेटीच्या दिशेला होती. लॉईडच्या मांडीवर टंकलेला कागद होता, आणि परमेश्वर बोलायला लागण्याआधीच तो त्याची कड सरळ करत होता.

ही गोष्ट रूथच्या लक्षात आली. ती अजून जुन्या क्वेकर पद्धतीनं सगळ्यांना एकेरीत बोले, मग तो गव्हर्नर असो की डॉक्टर. “लॉईड,” ती म्हणाली, “तुला प्रेरणा टाइप करून मिळाली का?”

लॉईडनं सांगितलं की तो फक्त मसुदा आहे. मग त्यानं तो वाचला. मसुद्यात ‘वारसा’ हा शब्द इतक्या वेळा होता की वाटावं, कुणी मेलं आहे. शेवटी लिहिलं होतं की एल्विन आणि वसुधा आपल्या पूर्वजांच्या भ्रमणशील परंपरेला अनुसरून, आईसह, नव्या क्षितिजाकडे प्रस्थान करतील. आणि कुटुंबाचं याबाबत एकमत आहे.

मिरियम हळूच म्हणाली की तिला हे फार योग्य वाटतं, आणि पेटी तेवढी हवामान-नियंत्रित घरात असावी.

पुन्हा शांतता. लॉईड पेन काढून वाट पाहू लागला. हिन्शॉंच्या घरात अशी शांतता आजवर कधी फुकट गेली नव्हती. तो सही करायला वाकला आणि त्या क्षणी वसुधा उठून उभी राहिली.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मिरियमनं डोळे उघडले.

“मला हे मान्य आहे,” वसुधा म्हणाली. “आम्ही जाऊ. फक्त जेसी गेला तसं. त्यानं आईला नेलं नव्हतं. ती घरासोबत राहिली, आणि जो राहिला त्यानं तिला सांभाळलं. लॉईड इथे राहणार आहे. तेव्हा आई लॉईडकडे.”

लॉईडच्या चेहऱ्यावर आधी कौतुक पसरलं, कारण तिनं जेसीचं नाव घेतलं होतं. मग वाक्याचा उरलेला भाग पोचला. त्यानं म्हटलं की संचालकाला प्रवास असतो. शाळांचे दौरे असतात. शिवाय आईला सवयीची माणसं लागतात. त्यानं मिरियमकडे पाहिलं. मिरियमनं तातडीनं सांगितलं की तिच्या घराला फार जिने आहेत. लॉईड म्हणाला, जेसीच्या आईचा प्रसंग ऐतिहासिकदृष्ट्या तितका स्पष्ट नाही.

“स्पष्ट आहे,” रूथ म्हणाली. “माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. त्याची आई दारात उभीसुद्धा राहिली नाही. तिला पुढे कुणी विचारलंही नाही. डेल्फाइना तिच्याबरोबर म्हातारी झाली. त्या दोघींचं नाटक तू कधी लिहिलं नाहीस.”

दारापाशी बाळकाकांनी खाकरून घेतलं. वसुधाला कळलं, बेत लागू पडला आहे. लॉईडनं पेनला टोपण घातलं. तो कागदाची घडी घालत होता; म्हणत होता की कदाचित आपण यावर आणखी थोडं थांबावं, कदाचित या मसुद्याबाबत त्याच्या स्वतःच्या मनातच अजून पुरती शांतता नाही. आणखी अर्धा मिनिट आणि घोडं गंगेत न्हालं असतं.

“मला मान्य आहे,” एल्विन म्हणाला.

सगळ्यांना वाटलं, तो थांबण्याबद्दल बोलतोय. वसुधालाही.

“थांबायचं नाही,” एल्विन म्हणाला. “वसू म्हणाली ते. जाऊ या.” तो उभा राहिला नव्हता. हात गुडघ्यांवर होते. चेहरा मात्र असा झाला होता की जणू कुणी त्याच्या पायातले बूट काढून घेतले आणि त्याला आत्ता कळलं की ते चावत होते. “मला वाटत होतं, तुला ही जागा हवी आहे. म्हणून मी कधी विषय काढला नाही. तुला जायचं असेल तर मी आज निघतो. पीक निघेपर्यंत थांबावं लागेल. मग निघतो.”

“कधीपासून?” रूथनं विचारलं.

“सोळा वर्षांचा होतो. अशीच बैठक झाली होती. लॉईड कॉलेजात गेलेला, मिरियम जाणारच होती. वडील म्हणाले, एल्विन शेत बघेल. मी काही बोललो नाही.” त्यानं विचार केला. “ते म्हणाले, एकमत झालं.”

खोलीत आता जी शांतता पसरली ती क्वेकर नव्हती. वसुधाला काल गाडी ज्या वळणावर दिसेनाशी झाली ते वळण आठवलं. संध्याकाळी जेवणानंतर तो रस्त्यांचा नकाशा घेऊन बसे, तो आठवला. तिनं त्याला एकदा थट्टेत विचारलं होतं, कुठे पळून जायचा विचार आहे? तो हसला होता. तिनं त्याचा अर्थ नाही असा लावला होता. सासरच्यांनी आपल्या मुकेपणाचा सोयीचा अर्थ लावला म्हणून तिनं किती वर्षं मनात दात खाल्ले होते, आणि रोज रात्री शेजारी झोपलेल्या माणसाच्या मुकेपणावर तीही शेती करत आली होती.

लॉईडला एवढ्यात काहीतरी उमगलं असावं. आईसकट का होईना, घर येत होतं. एखादी बाई ठेवता येईल. त्यानं घडी उलगडली, टोपण काढलं आणि गंभीर आवाजात विचारलं की मग कुटुंबाचं याबाबत एकमत आहे असं त्यानं लिहावं का.

कुणी बोललं नाही. एल्विन वसुधाकडे पाहत होता. लग्नाच्या दिवशीही त्यानं तिच्याकडे इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं, आणि ही आशा तिनंच आत्ता, सगळ्यांसमोर, हुशारी करून त्याच्या हातात दिली होती. गप्प बसणं एवढंच तिला करायचं होतं. ते तिला येत होतं.

खिडकीतून उतार दिसत होता. मक्याच्या ओळींमधून गवताच्या पट्ट्या आडव्या गेल्या होत्या.

“नाही,” वसुधा म्हणाली. “मला मान्य नाही. मघाशी मी लॉईडला अडकवायला हो म्हटलं. मला जायचं नाही.”

एल्विननं मान हलवली, हळूच, जसा तो मका अजून ओला आहे म्हटल्यावर हलवायचा. मग त्यानं विचारलं, “आणि मी?”

“टिपण शेताबद्दल आहे,” ती म्हणाली. “तुझ्याबद्दल नाही. तुला कुणी धरून ठेवलेलं नाही.”

“तू येणार नाहीस.”

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. एल्विनला तिच्या गप्प बसण्याचा अर्थ, निदान या वेळी, बरोबर लागला.

“लॉईड,” रूथ म्हणाली, “लिही. एकमत झालं नाही. हे वाक्य या घरात आजवर कुणी लिहिलेलं नाही, तेव्हा सावकाश लिही.”

---

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, पाठोपाठ मका निघाला, आणि एल्विन निळ्या पिकअपमधून निघाला. भांडण झालं नाही. त्या घरात भांडायला लागणारे शब्द कुणाकडे नव्हते. निघण्यापूर्वी त्यानं वसुधाला कापणीच्या कंबाईनचा अवघड गिअर कसा टाकायचा ते पुन्हा एकदा दाखवलं. तिला ते येत होतं. तिनं दाखवू दिलं. अंगणात चुलत चुलत मंडळी जमली होती. लॉईडनं कॅरीहून तार पाठवली होती की जेसीचं रक्त अजून वाहतं आहे. पिकअप वळणापाशी पोचला तेव्हा सगळ्यांनी हात हलवले. रूथनं नाही. ती आत जाऊन बसली.

आता कुणाला किती पडलं ते पाहू. लॉईडचं संचालकपद गेलं, पण रस्त्याकडेला जेसीच्या नावाचा लोखंडी फलक लागला, त्याखाली ‘लेखन: लॉईड हिन्शॉ’ असं कोरलेलं आहे, त्याला तेवढं पुरलं. मिरियमला पेटी मिळाली नाही, भाऊ मिळाला. आईला टाळायला ती इतकी वर्षं फोनच्या वेळा पाळत आली, आणि एल्विन येऊन तिच्या तळघरात राहिला. तो ईडन प्रेरीत शाळेची बस चालवतो, जेवताना काही बोलत नाही, आणि तो नाराज आहे की सुखी, हे तिला कळत नाही. सुखी आहे. जाणाऱ्याचं बहुधा काही जात नाही. म्हणून तर त्याच्यावर नाटकं लिहिली जातात. पुढच्या उन्हाळ्याच्या सोहळ्यात लॉईड एल्विनवरही एक प्रवेश लिहिणार आहे, असं ऐकू येतं.

रूथला तिची उन्हाची खोली राहिली, आणि मीठ मोजून घालणारी सून राहिली. एक मुलगा गेला. पण तो तिनं त्याच्या सोळाव्या वर्षीच दिला होता, आणि एकच वस्तू दोनदा खर्ची टाकायची तिची पद्धत नव्हती.

बाळकाकांनी एडिसनहून फोन केला. म्हणाले, वसू, मी आपला कांदा चिरत होतो, मी मध्ये पडायला नको होतं. तिनं सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही, रिंग छान बसली. मग त्यांनी विचारलं की जमीन तरी तुझ्या नावावर झाली का. झाली नव्हती. रूथनंतर ती तिन्ही भावंडांची. सुनेला तिथे फक्त टेबलापाशी खुर्ची होती आणि तोंडात एक ‘नाही’, जो तिला आता दर वर्षी नव्यानं म्हणावा लागणार होता.

“मग तुला काय मिळालं गं?”

रात्री थंडी पडली होती. पलीकडच्या खोलीतून रूथनं काठी आपटली, पहिल्यांदा. अजून दोनदा उठायचं होतं. वसुधानं फोन खांद्याशी धरून दिवा लावला. म्हणाली, शेत मिळालं काका. आणि पायात एल्विनच्या सपाता घालून, कारण त्या दाराशीच पडलेल्या होत्या, ती उठून गेली.